लाकडी कुंपण पुन्हा पुन्हा झुकते, फाटक जमिनीला घासते: दोष कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधावा

स्वतःच्या हाताने उभारलेले लाकडी कुंपण पहिल्या वर्षी ओळंब्यात असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कलू लागते. आपण खांबाच्या बुडाशी दगड ठोकतो, आणखी थोडे काँक्रीट ओततो, फाटकाची बिजागरी घट्ट करतो, आणि सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा करतो. हा दोष मी स्वतःच्या आणि इतरांच्या कुंपणांवर इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता एका गोष्टीबद्दल मनात शंका उरलेली नाही: कुंपण जिथे वाकडे दिसते तिथे दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो जमिनीच्या पातळीला, नेमका मातीने झाकलेल्या भागात असतो. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्याआधी निदान करणे आवश्यक आहे, आणि निदानाचा बराचसा भाग एका दोरीने आणि एका स्क्रू-ड्रायव्हरने होतो.

लक्षणे

फाटकाची कडीकडची बाजू खाली येते, जमिनीवर कमानीसारखी ओरखड्याची रेघ उमटते आणि कडी लावण्यासाठी फाटक हाताने उचलावे लागते. ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार आहे. तिच्या मुळाशी दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात, एक तर फाटकाची चौकट तिरपी झालेली असते किंवा फाटकाचा खांब कललेला असतो. एकच खांब कलला असून शेजारचे सरळ असतील, तर त्या खांबाचे लाकूड किंवा त्याचा पाया संशयास्पद आहे. सलग पाच-सहा खांब एकाच दिशेला झुकले असतील तर वारा, अपुरी खोली किंवा उतारावरून सरकणारी माती यांचा विचार करावा. खांब सरळच असून एका वर्षात बोटभर वर आला असेल, तर खालची जमीन फुगते आहे. खांब भक्कम असून फक्त फळ्या खिळखिळ्या झाल्या असतील, तर तो खिळ्यांचा किंवा स्क्रूचा प्रश्न आहे. आणि फाटक फक्त पावसाळी दिवसांत अडकत असून कोरड्या हवेत आपोआप मोकळे होत असेल, तर तो दोष नसून लाकडाचा स्वभाव आहे. त्याबद्दल पुढे थोडक्यात लिहिले आहे.

दोरी आणि ओळंबा

पहिली तपासणी फुकट आहे आणि तरीही लोक नेमकी तीच टाळतात. कुंपणाच्या दोन टोकांच्या खांबांमध्ये दोन दोऱ्या ताणाव्यात, एक जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि दुसरी माथ्याजवळ. टोकाचे खांब स्वतः ओळंब्यात आहेत याची खात्री आधी करून घ्यावी, नाही तर पुढची सगळी मापे खोटी पडतात. मग मधल्या प्रत्येक खांबाचे दोन्ही दोऱ्यांपासूनचे अंतर पाहावे. खालची दोरी जुळते आणि वरची जुळत नाही, तर खांब बुडाशी जागेवर राहून कलला आहे. दोन्ही सारख्याच अंतराने चुकत असतील, तर खांब पायासकट सरकला आहे किंवा मुळातच चुकीच्या जागी रोवलेला आहे. यांपैकी दुसरी शक्यता कबूल करायला जड जाते, पण ती असते.

ही तपासणी महत्त्वाची अशासाठी की उतारावर डोळा हमखास फसतो. जमीन तिरपी असली की सरळ खांबही कललेला वाटतो आणि मग आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. प्रत्येक खांबावर पेन्सिलीने अंतर आणि तारीख लिहून ठेवावी. महिनाभराने किंवा एखाद्या वादळी रात्रीनंतर तेच माप पुन्हा घेतले की झुकणे चालू आहे की कधीच थांबले आहे हे कळते. थांबलेल्या दोषाला घाई नसते.

हलवून पाहणे, पण नजर खाली ठेवून

छातीच्या उंचीवर तळवा टेकवून खांब हळूहळू ढकलावा आणि सोडावा. या वेळी माथ्याकडे पाहू नये, बुडाकडे पाहावे. एकट्याने हे जमत नसेल तर दुसऱ्याला ढकलायला सांगून आपण जमिनीशी बसावे. खांब, काँक्रीट आणि भोवतालची माती यांपैकी नेमके काय हलते, हाच इथे प्रश्न आहे. काँक्रीटचा गोळा खांबासकट मातीत डुलत असेल तर पाया उथळ किंवा अरुंद आहे, अथवा माती भिजून मऊ झाली आहे. काँक्रीट स्थिर असून खांब त्याच्या खोबणीत खुळखुळत असेल तर लाकूड वाळून आक्रसले आहे. खांब खाली स्थिर आहे, वरही ताठ आहे, पण जमिनीच्या रेषेवर गुडघ्यासारखा वाकतो असे दिसले, तर तो तिथे कुजला आहे आणि त्याला बाहेरून कितीही पाचरी ठोकल्या तरी उपयोग होणार नाही.

या तीन निदानांचे उपाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. कुजलेल्या खांबाभोवती नवे काँक्रीट ओतणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य आणि सर्वांत फुकट जाणारी मेहनत आहे.

फाटक: आधी कर्ण मोजावेत

फाटक घासत असेल तर बिजागरीला हात लावण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे भरले तर फाटक काटकोनात आहे, ते निर्दोष आहे, आणि दोष त्याच्या खांबाचा किंवा बिजागरीच्या पकडीचा आहे. कर्णांत दहा-बारा मिलिमीटरचा फरक आला तर चौकट स्वतःच तिरपी झाली आहे. या एका मापामुळे अर्धा दिवस वाचतो.

चौकट तिरपी होण्याचे कारण जवळजवळ नेहमी तिरका आधार चुकीच्या दिशेला बसवलेला असणे हेच निघते. कडीकडची बाजू खाली येते तेव्हा बिजागरीच्या वरच्या कोपऱ्यापासून कडीच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण लांबतो आणि दुसरा कर्ण आखूड होतो. लाकडी दांडा दाब उत्तम सोसतो, परंतु ताणात त्याची सगळी भिस्त टोकाच्या स्क्रूंवर राहते. म्हणून लाकडी आधार आखूड होऊ पाहणाऱ्या कर्णावर, म्हणजे बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून कडीच्या वरच्या कोपऱ्याकडे जाणारा असावा. तार किंवा लोखंडी सळई वापरायची असेल तर दिशा बरोबर उलटी घ्यावी, कारण तार दाब सोसत नाही, ताण सोसते. मी केलेल्या पहिल्या फाटकावर लाकडी आधार उलटा होता. दर दोन महिन्यांनी मी त्याचे स्क्रू बदलत होतो आणि दोष स्क्रूंना देत होतो.

दुरुस्ती करताना कडीच्या बाजूखाली पाचर सरकवून फाटक हळूहळू उचलावे, दोन्ही कर्ण सारखे झाले की तिथेच थांबावे, आणि मग आधाराचा दांडा कापून कोपऱ्यांत घट्ट बसेल असा ठोकावा. दांड्याची टोके चौकटीला टेकलेली असली पाहिजेत. टोकाशी सुपारीएवढी जरी फट राहिली तरी चौकट तेवढी खाली येणारच.

कर्ण बरोबर असतील तर बिजागऱ्यांकडे वळावे. खालची बिजागरी खांबावर दाबली जाते, तर वरची खांबापासून ओढली जाते, म्हणून वरचीच निखळते. ही ओढ किती असते हे समजून घेण्यासारखे आहे. एक मीटर रुंद आणि २५ किलो वजनाच्या फाटकाच्या बिजागऱ्या एकमेकींपासून एक मीटरवर असतील, तर वरच्या बिजागरीवर सुमारे साडेबारा किलोची आडवी ओढ येते. त्याच बिजागऱ्या अर्ध्या मीटरवर असतील तर ती दुप्पट होते. त्यामुळे बिजागऱ्या जितक्या दूर बसवता येतील तितक्या दूर बसवाव्यात. स्क्रूंची भोके सैल झाली असतील तर त्यांत आगपेटीच्या काड्या भरू नयेत. खांबातून आरपार जाणारे बोल्ट घालून मागून मोठे वॉशर लावावेत.

पावसाळी अडकण्याबद्दल एवढेच सांगतो की लाकूड ओलाव्याने आडवे फुगते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. १० सेंटीमीटर रुंदीची फळी कोरड्यातून ओल्यात जाताना दीड-दोन मिलिमीटर सहज वाढते, आणि अशा दहा फळ्या चिकटून बसवल्या असतील तर फाटक दीड-दोन सेंटीमीटर रुंद होऊ पाहते. ओल्या दिवशी रंधा मारून फाटक मोकळे करू नये, कारण कोरड्या दिवसांत तिथे मोठी फट पडेल. फळ्यांमध्येच फटी सोडणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

जमिनीच्या रेषेवर स्क्रू-ड्रायव्हर

आता मुख्य तपासणी. खांबाभोवतीची माती खुरप्याने १५ सेंटीमीटर खोल काढावी, खांब फडक्याने पुसावा आणि जुन्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चारही बाजूंनी दाबून पाहावे. निरोगी लाकडात टोक दोन-तीन मिलिमीटर शिरून अडते, आणि उचकटले तर लांब, चिवट ढलपी निघते. कुजलेल्या लाकडात टोक लोण्यात जावे तसे शिरते आणि उचकटल्यावर तुकडा आडवा, शिळ्या भाकरीसारखा मोडतो. तो चिमटीत धरून दाबला की पाणी तरी सुटते किंवा तपकिरी भुगा तरी होतो.

हे नेमके याच ठिकाणी का घडते? लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढू शकत नाही. खांबाचा वरचा भाग पाऊस थांबल्यावर वाळतो, म्हणून तो टिकतो. खोल मातीत हवा कमी पोहोचते, म्हणून खालचे टोकही पुष्कळदा शाबूत निघते. जमिनीच्या रेषेपासून खालच्या वीतभर भागात मात्र दोन्ही गोष्टी बारा महिने मिळतात. दुर्दैवाने वाऱ्याने खांबावर येणारा वाकण्याचा ताणही तिथेच सर्वाधिक असतो.

बाहेरून टणक लागले तरी लगेच निर्धास्त होऊ नये. प्रक्रिया केलेल्या लाकडात कूज रोखणारे रसायन बाहेरच्या थरात जास्त आणि गाभ्यात कमी पोहोचते, त्यामुळे कवच शाबूत आणि पोट पोकळ अशी स्थिती आढळते. हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. भरीव लाकूड खणखणीत बोलते आणि पोकळ लाकूड बद्द वाजते. संशय राहिलाच तर बारीक ड्रिलने तिरके भोक पाडून भुसा पाहावा. तो काळपट, ओलसर निघाला आणि ड्रिल एकदम आत घुसले, तर निकाल लागला. तपासणीनंतर ते भोक लाकडी खुंटीने बंद करावे. भुशाऐवजी मातीच्या बारीक नळ्या आणि पोखरलेले थर दिसले तर ती वाळवी आहे.

‘वरवरच कुजले आहे, अजून चालेल’ असे वाटते तेव्हा एक हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. चौकोनी खांबाची वाकण्याविरुद्धची ताकद त्याच्या बाजूच्या घनावर अवलंबून असते. १० सेंटीमीटरच्या खांबाचा चारही बाजूंनी फक्त एक सेंटीमीटर थर गेला, तर उरलेल्या ८ सेंटीमीटरच्या खांबात जवळपास अर्धीच ताकद राहते. मी स्वतः एक सेंटीमीटर ही मर्यादा मानतो आणि त्यापुढे खांबाची दया करत नाही.

पाणी येते कुठून

कुजलेला खांब बदलून नवा त्याच खड्ड्यात, त्याच पद्धतीने रोवला तर तोही तितक्याच वर्षांत जाईल. म्हणून पाण्याचा मार्ग आधी शोधावा. कुंपणाशी रचलेला मातीचा किंवा पालापाचोळ्याचा ढीग, खांबावर रोज पडणारा बागेच्या फवाऱ्याचा झोत, छपराच्या पन्हळीचे थेट बुडाशी पडणारे पाणी या गोष्टी एका दुपारीत दूर करता येतात.

काँक्रीटचा माथा हा यापेक्षा लपलेला दोष आहे. माझ्या पहिल्या कुंपणात मी काँक्रीट जमिनीच्या दोन बोटे खाली थांबवले आणि वर माती पसरून हिरवळ लावली. दिसायला ते फार नीटनेटके होते. प्रत्यक्षात मी प्रत्येक खांबाभोवती एक वाटी तयार केली होती. लाकूड वाळून आक्रसले, काँक्रीट आणि खांब यांच्यामध्ये नखाएवढी फट पडली, आणि प्रत्येक पावसात त्या वाटीतील पाणी फटीतून आत उतरत राहिले. तिसऱ्या वर्षी स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. काँक्रीटचा माथा जमिनीच्या वर असावा आणि खांबापासून बाहेरच्या बाजूला उतरता असावा. जुन्या काँक्रीटवरही सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा असा उतार देता येतो, आणि लाकडाभोवतीची फट लवचिक, बाहेरच्या वापराच्या सीलंटने भरता येते, अर्थात खांब अजून निरोगी असेल तरच.

खड्ड्याच्या तळाशी १० ते १५ सेंटीमीटर खडी घालून खांबाचे टोक त्यावर टेकवावे. काँक्रीट खांबाच्या भोवती असावे, खाली नसावे. खाली काँक्रीटचा तळ केला की तो पेला होतो. मात्र घट्ट चिकणमातीत खडीतले पाणीही कुठे जाऊ शकत नाही, म्हणून तिथे केवळ खडीवर विसंबू नये, पृष्ठभागावरचे पाणी चर काढून दूर न्यावे. खांब कापावा लागला असेल तर कापलेले टोक वर ठेवावे, कारखान्यात प्रक्रिया झालेले टोक जमिनीत घालावे, आणि कापलेल्या टोकाला संरक्षक रसायन पुरेपूर लावावे. लाकडाचे आडवे कापलेले तोंड बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी पिते.

सलग कुंपण झुकत असेल तर

खांब निरोगी आहेत आणि तरीही रांग झुकते आहे, अशा वेळी वाऱ्याचा हिशेब करावा. १.८ मीटर उंच आणि २.४ मीटर रुंद असा फटी नसलेला एक भाग साधारण ४.३ चौरस मीटरचा होतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात त्यावर १०० किलोंहून अधिक वजनाइतका जोर येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो. म्हणजे दर खांबाला एक धिप्पाड माणूस मधोमध रेलून बसतो आहे असे समजावे.

यातला स्वस्त उपाय असा की एकाआड एक फळी काढून कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला लावावी, किंवा फळ्यांमध्ये फटी सोडाव्यात. महाग उपाय म्हणजे खांबांमधील अंतर २.४ मीटरवरून १.८ मीटरवर आणणे. त्याआधी पहारीने एका खांबाच्या कडेने खणून त्याची खोली मोजावी. खांबाच्या एकूण लांबीचा सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीत असावा, म्हणजे वर १.८ मीटर तर खाली ९० सेंटीमीटर. घट्ट जमिनीतही ६० सेंटीमीटरपेक्षा कमी खोली मी स्वीकारत नाही. खड्ड्याची रुंदी खांबाच्या तिप्पट असावी. जमीन गोठणाऱ्या प्रदेशांत पाया गोठणाऱ्या थराच्या खाली गेला पाहिजे, आणि काँक्रीट वर रुंद व खाली निमुळते नसावे, कारण गाजराच्या आकाराचा गोळा फुगणारी जमीन सहज वर ढकलते.

खिळे आणि स्क्रू यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेले लाकूड साध्या लोखंडाला वेगाने गंजवते, म्हणून गरम जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत.

शेवटचा उपाय: खांब काढणे

वरचा भाग निरोगी आणि फक्त जमिनीच्या रेषेशी कूज असेल, तर शेजारी काँक्रीटचा किंवा प्रक्रिया केलेल्या लाकडाचा आखूड आधारखांब रोवून मूळ खांब त्याला दोन आरपार बोल्टने बांधता येतो. मूळ खांबाचा कुजलेला भाग कापून टाकावा, म्हणजे तो ओल्या मातीला टेकणार नाही. फाटकाच्या खांबासाठी मात्र ही युक्ती वापरू नये. तिथे खांब बदलावाच, आणि शक्य असेल तर नवा खांब इतरांपेक्षा जाड घ्यावा.

पूर्ण खांब बदलताना शेजारच्या भागांना दोन्ही बाजूंनी तिरके टेकू द्यावेत, आडवे दांडे सोडवावेत आणि जुना गोळा पहारीने मोकळा करून तरफेने उचलावा. नवा खांब दोन शेजारशेजारच्या बाजूंनी पाणसळीने तपासावा, काँक्रीट घट्ट होईपर्यंत टेकू हलवू नयेत, आणि फाटक निदान आठवडाभर टांगू नये. काँक्रीट वरून कडक दिसते तेव्हा आत ते अजून कच्चे असते. त्याची प्रमाण ताकद २८ दिवसांनी मोजतात, हे लक्षात घेतले तर आठवडा फार वाटणार नाही. जुने प्रक्रिया केलेले लाकूड जाळू नये. त्यात आर्सेनिक असू शकते आणि ते धुरात व राखेत उतरते.

इथे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

खणण्याच्या जागी वीज, वायू किंवा पाण्याच्या वाहिन्या असण्याची थोडीही शक्यता असेल, तर संबंधित यंत्रणेकडून जागा दाखवून घेतल्याशिवाय पहार मारू नये. कुंपणाच्या एका बाजूची माती दुसरीपेक्षा उंच असेल आणि कुंपण तिच्या दाबाने झुकत असेल, तर ते कुंपण राहिलेले नसून संरक्षक भिंतीचे काम करते आहे आणि त्यासाठी बांधकामातला अभियंता लागतो. उतारावरची पूर्ण रांग पायासकट खाली सरकत असेल आणि जमिनीत कुंपणाला समांतर भेगा दिसत असतील, तरीही तेच. वाळवीच्या नळ्या घराच्या दिशेने जाताना दिसल्या तर खांब बदलण्याआधी कीडनियंत्रण करणाऱ्यांना बोलवावे. खांब हद्दीवर असून तो नेमका कुणाच्या बाजूला आहे याबद्दल वाद असेल, तर मोजणी झाल्याशिवाय तो उपटू नये. विद्युत मोटरने चालणारे फाटक आणि पोहण्याच्या तलावाभोवतीचे कुंपण यांना सुरक्षेचे वेगळे निकष असतात, तिथे माझ्यासारख्याच्या सल्ल्यावर काम करू नये.

आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या तपासणीत दर तिसरा खांब कुजलेला निघाला, तर एकेक खांब बदलत बसण्यापेक्षा नव्या कुंपणाचा अंदाज घ्यावा. जाणकार आला की त्याला खांबांवरची पेन्सिलीची मापे आणि तारखा दाखवाव्यात, आणि उकरलेली माती तो येईपर्यंत परत लोटू नये.